पांढरी चारमधून घरी

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी गेले तीन महिने मोझार्टचा एकच सोनाटा वाजवते आहे. के. ५४५, सी मेजर. पियानो शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा कधी ना कधी येतो. खुद्द मोझार्टने आपल्या रचनांच्या वहीत त्याची नोंद नवशिक्यांसाठीचा छोटा सोनाटा अशी केली आहे. तारीख २६ जून १७८८, गाव व्हिएन्ना. त्याच तारखेखाली त्याच वहीत एक अख्खी सिम्फनी नोंदलेली आहे, एकोणचाळिसावी. छोटा सोनाटा छापला गेला तो थेट १८०५ मध्ये, मोझार्ट जाऊन चौदा वर्षं झाल्यावर.

या सोनाट्याच्या पहिल्या भागाचं पृथक्करण पुस्तकांत फार सोपं दिसतं. मांडणी, विस्तार, पुनरागमन असे तीन कप्पे, मांडणीत दोन विषय, झालं. नकाशा पाहिला म्हणजे गाव पाहिलं असं समजण्यातला हा प्रकार आहे. शिवाय या कप्प्यांना नावं मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, ए. बी. मार्क्ससारख्या सिद्धांतकारांकडून. मोझार्टला ती ठाऊकच नव्हती. तंबोऱ्यासमोर कान घडलेल्या माझ्यासारख्या माणसाने मुळात वेगळाच प्रश्न विचारायला हवा: या क्षणी सा कुठे आहे?

आपल्याकडे हा प्रश्न पडत नाही. तंबोरा एकदा जुळला की मैफल संपेपर्यंत सा हलत नाही. मूर्च्छनेचे खेळ कुणी करतो, पण ते तेवढ्यापुरते, आणि तेव्हाही तंबोरा आपल्या जागी असतोच. सोनाट्यात चालतो तो सा.

पेटीवाल्यांच्या भाषेत सुरुवात पांढरी एकमध्ये आहे. उजवा हात सा-ग-प असा चढतो, मंद्र निषादाला शिवून सा-रे-सा करतो, मग ध-प-तार सा, आणि प-म-ग अशी उतरण. सगळे शुद्ध सूर, बिलावल थाटाचे. खाली डावा हात सा-प-ग-प असा गोल फिरत राहतो. याला अल्बर्टी बास म्हणतात आणि नवशिके तो शिवणयंत्रासारखा वाजवतात. पण जरा मोजून पाहा. पहिल्या चार बारांत हे चक्र आठदा फिरतं आणि त्यातल्या सहा वेळा त्याचा सगळ्यात खालचा सूर सा असतो. मला तिथे तंबोराच ऐकू आला होता, आणि मी फसलो तो तिथेच.

कारण पुढे जलद स्वरपंक्ती धावतात, हात क्षणभर थांबतात आणि दुसरा विषय सुरू होतो, तेव्हा काळी तीन लागते. म्हणजे आपला तीव्र मध्यम. कान म्हणतो, वा, यमन आला! यमन नव्हे, सा उचलून पांढरी पाचवर नेला आहे. काळी तीन हा त्या नव्या साचा शुद्ध निषाद. पहिला विषय चढत आला होता, दुसरा उतरत येतो, वगैरे निरीक्षणं खरी आहेत, पण दुय्यम. दोन विषयांतला खरा फरक पत्त्याचा आहे.

विस्ताराबद्दल एवढंच सांगतो की तो तेरा बारांचा आहे आणि त्यात दोन्हीपैकी एकही विषय नाही. मांडणी संपताना जी किरकोळ शेपटी येते, तीच उचलून मोझार्ट जी मायनर, डी मायनर अशा अंधाऱ्या बोळांतून नेतो. मग बेचाळिसाव्या बारावर मूळ चाल परत येते. तीच चाल, तसाच डावा हात. मी तर सुटकेचा निःश्वास टाकला होता.

पण सा पांढरी चारवर आहे.

चाल घरी आली, सा आलेला नाही. एरवी या दोन गोष्टी एकाच वेळी उंबरठा ओलांडतात, म्हणून त्या दोन आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. मोझार्टने त्या इथे सुट्या करून दाखवल्या, तेही नवशिक्यांच्या वहीत. फसवणूकही किती हळुवार! चालीचे पहिले तीन बार उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांवरच आहे. डाव्याने दुसऱ्याच बारात काळी पाचला हात घातलेला असतो, पण डाव्या हाताकडे कोण लक्ष देतं? उजव्यात ती काळी पाच चौथ्या बारात लागते, तोवर आपण चप्पल काढून आत बसलेले असतो.

यावर एक जुना आक्षेप आहे: हा कामचुकारपणा. मांडणी पांढरी एकवरून पाचवर जाते. तीच जशीच्या तशी चारवरून सुरू केली तर आपोआप एकवर येऊन संपेल, नवं काही लिहायला नको. हिशेब बरोबर आहे. शूबर्टनेही पुढे पाचव्या सिम्फनीत आणि ‘ट्राउट’ पंचकात हीच वाट धरली आणि हाच टोमणा त्यालाही बसला. पण इथे मोजदाद आरोपीच्या बाजूने साक्ष देते. मांडणी अठ्ठावीस बारांची, पुनरागमन बत्तीस बारांचं. नक्कल करणाऱ्याने चार बार जास्त का लिहावेत? त्या स्वरपंक्ती आता डाव्या हातालाही मिळतात, आणि पांढरी चारवरून एकवर उतरण्याची वाट लांबते. काम वाचवायला निघालेला माणूस असा वळसा घालत नाही.

दुसरा मोह चरित्राचा. जून १७८८ मध्ये मोझार्ट पुखबर्ग नावाच्या स्नेह्याकडे पत्रांतून उसने पैसे मागत होता. सोनाट्याच्या नोंदीनंतर तीनच दिवसांनी त्याची तान्ही मुलगी गेली. पांढरी चारमध्ये ते दुःख ऐकू येतं असं लिहायला फार सोपं आहे. मला ते ऐकू येत नाही, आणि येतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही.

परवा संध्याकाळी मुलीने वाजवायला सुरुवात केली तेव्हा मी पेटी काढली आणि पांढरी एकचा सूर दाबून धरला. तिचा कीबोर्ड आणि माझी पेटी जवळजवळ जुळतात. पहिला विषय त्यावर मजेत बसला. सा पाचवर गेला तेव्हा माझा सूर मध्यम होऊन खटकायला लागला. पाहुणा उठायचं नाव घेत नाही तसा. बेचाळिसाव्या बारावर मात्र सगळं शांत झालं. चारच्या घरात पांढरी एक म्हणजे पंचम! तंबोऱ्याची पहिली तार तेवढी छेडत राहावी तसा तो सूर चालीखाली बिनतक्रार पडून होता. फसलो होतो ते उगीच नाही. भाता हलवत बसून राहिलो. मुलगी काळी पाचवर नेहमीप्रमाणे अडखळली, दोनदा मागे गेली. दुसरा विषय पांढरी एकमध्ये येतो तो एकोणसाठाव्या बाराला, अजून बराच लांब होता.