दारावरचा पहिला प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एक तरुण परिचारिका आमच्याकडे आली. मूळची मराठवाड्यातली, धर्माने ख्रिस्ती नव्हे. वसईतील एका रुग्णालयात तिची रात्रपाळी असे. तिला एक बेडरूमचे घर भाड्याने हवे होते, तेही रुग्णालयापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. रात्री रिक्षा मिळत नाही. मिळाली तरी धास्ती वाटते. ज्यांच्या दारात वाहन आहे त्यांना ‘चालत जाण्याजोगे घर’ ही हौस वाटेल. तिच्यासाठी ती सुरक्षितता होती.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा असा फ्लॅट रिकामा होता. आम्ही शब्द टाकला. मालक नम्रपणे म्हणाले, “फादर, आपल्यातलं कुणी असेल तर सांगा.” भाडे किती देईल, घर नीट ठेवील का, हे त्यांनी विचारलेच नाही. आणि आम्ही? आम्ही मान डोलावली. ते वाक्य आम्हांला खटकले नाही, हे आज कबूल केले पाहिजे. त्याच घरच्या मुलाला मुंबईच्या एका उपनगरात आडनाव आणि आहार विचारून दारातूनच परत पाठवले होते. तेव्हा त्यांचे सांत्वन करणारेही आम्हीच होतो!

मालकाची भीती सर्वस्वी खोटी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात गोठलेली भाडी आणि न सुटणारी घरे वडीलधाऱ्यांनी पाहिली आहेत. परंतु २००० साली अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र बदलले. करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. मुदत संपल्यावर मालकाला ताबा मागता येतो आणि अडून बसणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. अनामत घ्यावी, चौकशी करावी, वेळेवर भाडे मागावे. हे सारे न्याय्यच आहे. भाडेकरूनेही दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. मात्र सावधगिरी माणसाचे वर्तन पाहते, तर भेदभाव त्याचा जन्म पाहतो. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात खासगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला. पण मालकी वेगळी आणि तिचा विनियोग वेगळा, हेही तिथेच स्पष्ट केले. घर आमचे आहे, म्हणून त्याचा दरवाजा कोणासाठी बंद ठेवावा हा प्रश्न केवळ आमचा उरत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा शेवट भाड्याच्या घरातच होतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. रोममध्ये पौल दोन वर्षे स्वखर्चाने भाड्याने राहिला. तो पहाऱ्यात होता, तरीही येईल त्या प्रत्येकाचे त्याने स्वागत केले. घर स्वतःचे नसताना त्याने दार उघडे ठेवले; आपली घरे तर स्वतःची आहेत. आम्हां धर्मगुरूंची तर काही वर्षांनी बदली ठरलेलीच. ज्या खोलीला आज ‘आमची’ म्हणतो तिच्यात उद्या दुसरा राहील. तत्त्वतः तुमचीही स्थिती याहून वेगळी नाही.

त्या मुलीला अखेर दूरवर जागा मिळाली. रात्रपाळीला ती रिक्षानेच येते, असे ऐकतो. आमचे मौन तिला रोज किती रुपयांना आणि किती भयाला पडते, हा हिशेब आम्हांला चुकवता येत नाही. पुढचा करार करताना दाराशी आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे प्रत्येक कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे, एवढीच विनंती.