ओटीवरची चौकशी

नवी मुंबईजवळच्या गव्हाणच्या आसपास आता अनोळखी माणसाचं नवल वाटत नाही. 2024च्या 12 जानेवारीला अटल सेतू आणि खारकोपर-उरण रेल्वे यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. 2025च्या ऑक्टोबरात जवळच नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पाठीवर सॅक आणि हातात मोबाइल घेतलेला माणूस एका रात्रीपुरती खोली विचारत येतो, आणि मग येणारा नि घर देणारा, दोघंही मनातल्या मनात एकमेकांना जोखत राहतात.

पूर्वी गावाकडे हे जोखणं ओटीवर, उघडपणे चाले. कुठलं गाव, कुणाकडे निघालात, मागे कोण असतं? हातात पाण्याचा तांब्या आणि सोबत हे प्रश्न. एवढ्यात शेजारीण डोकावून जाई आणि पाहुणा आल्याचं आळीभर होई. चार डोळ्यांनी पाहिलेला पाहुणाही सुरक्षित आणि यजमानही. मोबाइलवरच्या नोंदणीत फोटो दिसतो, लोकांचे शेरे वाचता येतात. पण रात्री हाकेला धावणारं शेजारचं दार त्यात नसतं.

त्या चौकशीला एक काळी बाजूही होती. 1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. जात कळताच लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना खोली सोडावी लागली. तिथे धोका पाहुण्याकडून नव्हताच, तो दारात उभ्या असलेल्यांकडून होता.

म्हणून विचारायचं ते नेमकं विचारावं. यजमानानं ओळखपत्र मागावं, वहीत नोंद करावी. परदेशी पाहुण्याची माहिती प्रशासनाला कळवणं तर कायद्यानंच बंधनकारक आहे. जात-धर्माची चौकशी मात्र त्यात नको. प्रवाशानंही खोलीला आतून कडी आहे ना ते पाहावं, घरात आणखी कोण राहतं ते विचारावं, घरच्यांना पत्ता कळवावा. आणि मन कचरलं, तर भरलेले पैसे बुडाले तरी तिथून निघावं. ‘त्यांना काय वाटेल’ या भिडेपोटी माणसं, विशेषतः मुली, नको तिथे थांबतात. भीड ही फार महाग पडणारी सभ्यता आहे.

विचारल्यानं विश्वास उणावत नाही. सरळ माणूस सरळ उत्तर देतो आणि उलट आपल्यालाही दोन गोष्टी विचारतो. साध्या प्रश्नानं ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याकडे मुक्काम न केलेलाच बरा.