एकट्याने पाठ केलेली गाणी

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले' या बँडचे तीन कार्यक्रम झाले. त्यानंतर मराठीत जे लिहिले-बोलले गेले त्यात एक वाक्य सारखे कानावर येत राहिले: ही नव्या पिढीची वारी आहे. बाकीच्या मतांचा निकाल पटकन लावता येतो. पस्तीस हजारांपर्यंतचे तिकीट म्हणजे चंगळवाद, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याकडच्या लग्नांच्या मांडवांचा हिशेब करावा. तिकिटांचा काळाबाजार हा पोलिसांचा विषय आहे. पंतप्रधानांनी उल्लेखिलेली 'कॉन्सर्ट इकॉनॉमी' हॉटेलवाल्यांनी मोजत बसावी.

वारीचे तसे नाही. ही उपमा देणारे लोक आमच्याच, म्हणजे कार्यक्रमाला गेलेल्यांच्या, बाजूचे आहेत. आम्हाला वेडे ठरवणाऱ्यांना ते उत्तर देऊ पाहतात, आणि उत्तर देता देता आमची गोष्टच आमच्याकडून काढून घेतात.

मी कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातला. आमच्या भागातून पंढरपूरला माणसे चालत जातात, गाणगापूरला जातात, आळंदच्या दर्ग्यालाही जातात. त्यामुळे गर्दीत गाणे म्हणजे काय, हे कोणी पुण्या-मुंबईहून समजावून सांगण्याची गरज नाही. औरादकडच्या एखाद्या गावात पोरगा भजन कसे शिकतो ते पाहावे. त्याला कोणी शब्द देत नाही. हातात टाळ देतात आणि मंडळीच्या शेवटी बसवतात. पहिली काही वर्षे तो फक्त शेवटचे अक्षर पकडतो: बाकीचे ओळ संपवत आले की हा तोंड उघडतो. मग अर्धी ओळ, मग पूर्ण. पुढे कधीतरी शेतात पाणी देताना तोच अभंग तो एकटा म्हणतो, पण तेव्हाही कानात मंडळी असतात. गाणे चारचौघांतून आले आणि एकांतात गेले. वारी म्हणजे हेच, मोठ्या प्रमाणावर.

आता माझ्यासारख्यांचे पाहा. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. यांतल्या कुठल्याही भाषेच्या घोळक्यात कोल्डप्लेचे 'यलो' हे गाणे नव्हते. ते २००० साली आले; माझ्यापर्यंत बऱ्याच उशिरा, उदगीरच्या कॉलेजात, एका मित्राच्या मेमरी कार्डातून पोचले. ते मी इयरफोनमध्ये ऐकले, बसमध्ये ऐकले, गच्चीवर ऐकले. ते आवडते असे सांगण्याजोगे माणूस गावात नव्हते, आणि सांगावेसेही वाटले नाही. गाणे एकांतातच आले आणि एकांतातच मुरले. स्टेडियममध्ये ते पहिल्यांदा बाहेर पडते.

वारीशी तुलना इथेच मोडते. दिशाच उलटी आहे. भजनातली गर्दी गाणे शिकवते. स्टेडियममधली गर्दी आधीच शिकून आलेली असते, प्रत्येक जण आपापल्या खोलीत. म्हणूनच, घरबसल्या याहून चांगले ऐकू येते, हा शहाणपणाचा सल्लाही फुकट जातो. अहमदाबादचा २६ जानेवारीचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दिसलाच की. पण ऐकायचे तेवढे घरी ऐकूनच आलेला असतो माणूस. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांच्या किंकाळ्यांत बीटल्सना स्वतःचेच गाणे धड ऐकू येत नव्हते. संगीत म्हणून तो कार्यक्रम फसला असेल. लोक मात्र ज्यासाठी आले होते ते घडले.

याउलट, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात संगीत दरबार भरतो. तिथला श्रोता खरोखर ऐकायला जातो. बंदीश त्याला ठाऊक असते, पण गवई आज ती कुठे नेणार हे ठाऊक नसते, आणि मान डोलते ती त्या न ठाऊक असलेल्या जागेवर. स्टेडियममध्ये गायकाने चाल वेगळी केली तर आम्ही रागावतो. एकट्याने इतकी वर्षे जपलेले जसेच्या तसे हवे असते.

नवी मुंबईच्या त्या स्टेडियमवर माझ्या शेजारी सोलापूरकडचा वाटणारा एक मुलगा होता. 'यलो' सुरू झाले, मनगटांवर बांधलेले सगळे दिवे पिवळे झाले, आणि तो गाऊ लागला. शब्द धड नव्हते. कानाने उचललेला नुसता आवाज होता, इंग्रजीच्या आकाराचा. मात्र श्वास कुठे घ्यायचा, 'ओ' किती लांबवायचा, हे त्याचे अचूक होते. इतक्या बारकाईने माणूस घोळक्यात शिकत नाही. आम्ही एकमेकांचे नाव विचारले नाही.

कोणी म्हणेल, असे असेल तर अजय-अतुल यांच्या कार्यक्रमालाही हेच लागू होईल. नाही होत. 'सैराट'मधले 'झिंगाट' कोणी खोलीत बसून पाठ केले नाही. ते वरातीने आमच्या अंगावर घातले. २०१७ साली 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' होऊन आला तेव्हा तर सीमेच्या दोन्ही अंगांनी. ते गाणे कोणा एकाचे कधी नव्हतेच. त्या कार्यक्रमाला वारी म्हणा, जत्रा म्हणा, मी भांडणार नाही.

अधूनमधून कोणीतरी म्हणते, असे मोठे कार्यक्रम आपल्या कल्याण-कर्नाटकातही व्हायला हवेत, मुंबईपर्यंत रेल्वेची रात्र कशाला? मागणी रास्त आहे, रोजगार मिळेल, रस्ते होतील. पण कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर उद्या हाच बँड उतरला तर मागच्या रांगेत माझा मेहुणा असणार, डावीकडे तालुका कचेरीतले ओळखीचे साहेब, आणि दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी विचारणार, तुम्ही भालकीच्या अमक्यांचे ना? मी तिकीट काढीन, जाईन, टाळ्याही वाजवीन. तोंड उघडून गाईन असे मात्र वाटत नाही.