घेणार कोण?

उरलेल्या अन्नाच्या बाबतीत माझं एक ठरलेलं गणित आहे. रात्रीची भाजी सकाळी आमची, दुपारी कामाला येणाऱ्या मावशींची. त्या नको म्हणाल्या की मला चक्क राग येतो. राग कशाचा? ती भाजी मीही खाणार नव्हतो, हे त्यांनी ओळखलं याचा?

सार्वजनिक फ्रिजची कल्पना मला म्हणूनच आवडली असावी. कोचीत मिनू पॉलीन यांनी २०१६ मध्ये आपल्या हॉटेलबाहेर असा फ्रिज ठेवला. कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. पुढच्याच वर्षी इकडे अंधेरीत वर्सोवा वेल्फेअर असोसिएशननेही ठेवला. आमच्या चारकोपलाही एक हवा, असं मी नाक्यावर तावातावाने सांगत सुटलो. फ्रिज नको म्हणत नाही ना! डबा ठेवा, दार लावा, चालू पडा.

पण त्यातलं मी स्वतः कधी काही घेईन? माझ्या डोळ्यांपुढे मी कायम ठेवणाराच. घेणारा कुणी रिक्षावाला, कुणी नाका कामगार. डब्यावर शिजवल्याची तारीख आणि व्हेज-नॉनव्हेज लिहिलंय का बघायचं, आंबलेलं काढून टाकायचं, खण पुसायचे, तेही रोज. ही कामं मी मनातल्या मनात कुणावर सोपवली होती? वॉचमनवर. त्याला न विचारता.

वास्तविक चारकोप वसलं ते वेगळ्या हिशेबाने. १९८५ साली मंजूर झालेल्या वर्ल्ड बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे छोटे प्लॉट पाडले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. साधारण पस्तीस प्लॉटची एक सोसायटी, मधे सामाईक चौक. त्या चौकातून वाट्या फिरायच्या. आई दारातूनच ओरडायची, ‘विरजण आहे का हो?’ मागण्यात तिला कसलाच कमीपणा नव्हता. वाटी परत जाताना तिच्यात चमचाभर लोणचं तरी असायचंच, रिकामी पाठवायची नाही. (कुणाकडून किती आलं याचा हिशेबही बायका चोख ठेवायच्या, उगाच गोडवे नकोत.)

आज विरजण संपलं तर मी मोबाइलवर दही मागवतो. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, शेजारच्या काकूंपुढे वाटी धरायला नको. मग मला फ्रिज हवा होता तो नेमका कशासाठी? मागणाऱ्याची सोय म्हणून, की मावशींच्या ‘नको’पासून माझी सुटका म्हणून?

दोन्ही असेल. तसं असलं तरी फ्रिज वाईट ठरत नाही. भुकेल्याला माझ्या हेतूशी काय करायचंय? त्याला भाजी ताजी हवी. तेव्हा आपण पानावर बसण्याआधीच एक डबा भरून बाजूला काढायचा, एवढं मला जमेल असं वाटतं. पुसायची पाळीही घेईन. पण समोरच्या गॅलरीतून कुणी बघत असताना त्या फ्रिजमधलं कुणाच्या तरी हातचं थालीपीठ उचलून घरी आणायचं? ते अजून जमेलसं वाटत नाही.