कुणाच्या खोलीत?

आजीला जाऊन वर्ष व्हायला आलं तेव्हा आईने मला एक काम सांगितलं. माझ्या फोनमध्ये आजीचं सव्वादोन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग होतं. साताऱ्याजवळच्या आजोळच्या घरी, दुपारी, स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ती जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा ते ऐकवू, असं आईचं म्हणणं. मी घरी लॅपटॉपवर गाणी मिक्स करते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी त्यात स्वतःची भर घातली. पुण्यातल्या मामेभावाने आणि टोरांटोतल्या मावसबहिणीने त्याच ओव्या आपापल्या घरी म्हणून पाठवायच्या, मीही म्हणणार, आणि आजीबरोबर आम्ही तिघं गातोय असं करायचं.

चार आवाज आले, चार ट्रॅक झाले. सूर आणि लय मी जमवून घेतली, तरी काहीतरी बिनसलेलं होतं. मामेभावाने कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलं होतं, त्याचा आवाज खडखडीत कोरडा. बहिणीचा आवाज इयरफोनच्या माइकमधून आलेला, अगदी कानाशी. चौघं एकाच वेळी वाजत होते, पण एकत्र नव्हते.

या दुखण्यावर मिक्सिंग करणाऱ्यांचा ठरलेला उपाय आहे: सेंड चॅनेल. तुम्ही हे कधी केलं नसेल तर थोडक्यात सांगते. मिक्सरमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःचं चॅनेल असतं. त्यावर थेट रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा, लावला की तो आवाज त्याच्या एकट्याच्या खोलीत जातो. चार आवाजांना चार रिव्हर्ब लावले तर चार बंद खोल्या झाल्या. सेंडमध्ये रिव्हर्ब एका वेगळ्या चॅनेलवर एकदाच लावायचा आणि प्रत्येक आवाजाची एक प्रत, हवी तेवढी, तिकडे पाठवायची. मूळ आवाज आपल्या जागीच राहतो. पाठवलेल्या प्रती त्या एका खोलीत एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा घुमारा तेवढा परत येतो.

ही खोली एके काळी खरोखरची होती. १९४७ साली शिकागोत बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिकॅट्स या तिघांच्या माउथऑर्गन वाद्यवृंदासाठी स्टुडिओचं बाथरूम वापरलं. आत एक स्पीकर, एक माइक. वादकांच्या आवाजाचा एक भाग आत पाठवायचा, फरश्यांवर आपटून घुमलेला आवाज माइकने परत घ्यायचा. आज सॉफ्टवेअरमधला छोटासा नॉब हेच काम करतो. बाथरूम गेलं, युक्ती राहिली.

मी एक मोठा हॉल निवडला आणि चारही आवाज तिकडे पाठवले. नॉब फिरवता फिरवता अंगावर काटा आला. आजी आणि आम्ही तिघं एका छताखाली. मी लगेच आईला हेडफोन दिले.

आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान झालंय गं. पण ही देवळात कुठून आली?"

मी म्हटलं, "अगं, तो इफेक्ट आहे."

"ती देवळात कधी नाही गायली. चुलीपाशी गायची."

मी जरा चिडलेच. रात्री पुन्हा ऐकलं तेव्हा आईचं म्हणणं कळलं. आधी वाटलं, प्रश्न खरं-खोट्याचा आहे. जे कधी एकत्र गायले नाहीत त्यांना एका खोलीत बसवणं ही लबाडी नाही का? पण हा आक्षेप फार पुढे जात नाही. हल्ली युगुलगीतातले दोन गायक रेकॉर्डिंगला भेटतातच असं नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. गाणं म्हणजे काही पंचनामा नव्हे.

शिवाय प्रामाणिकपणे बांधलेली खोटी खोलीही असू शकते. इस्तंबूलची हागिया सोफिया ही वास्तू संग्रहालय होती तेव्हा तिथे गायला मनाई होती. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी आत फुगे फोडून त्यांचा घुमारा रेकॉर्ड केला. तो दहा सेकंदांहून जास्त टिकतो. त्यावरून संगणकावर ती खोली उभी केली, आणि कापेला रोमाना या गायकवृंदाने तिच्यात मध्ययुगीन बायझंटाइन स्तोत्रं गायली. २०१९ साली त्याचा अल्बम आला. ते गायक त्या घुमटाखाली गायलेले नाहीत, आणि अल्बम करणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. ती गाणी त्या घुमटासाठीच रचली गेली होती, म्हणून गायकांनी गाण्याच्या घरी जायचं ठरवलं.

मी नेमकं उलटं केलं होतं. आजीला तिच्या घरातून उचलून माझ्या आवडीच्या हॉलमध्ये आणलं होतं. आणि हे करणारी मी एकटी नाही. कुठल्याही जुन्या बाईचा लोकगीत म्हणतानाचा तुकडा घ्यायचा, त्याला लांबलचक रिव्हर्ब द्यायचा, खाली एक संथ सूर धरायचा, की झालं 'प्राचीन' आणि 'गूढ' संगीत तयार. पण जात्यावरची ओवी गूढ नसते. ती पहाटे, दळताना, हात दुखत असताना म्हटलेली असते. दगडाची घरघर तिच्या शेजारी असते. तिला देवळात नेलं की आवाज मोठा होतो आणि बाईचं काम नाहीसं होतं. आपल्याला वाटतं आपण मान देतोय.

म्हणजे खरा प्रश्न हा, की एकत्र यायचं तर कुणाच्या खोलीत? सेंड ही तशी फार उदार व्यवस्था आहे. प्रत्येकाने थोडं द्यायचं, स्वतःला पुसायचं नाही. पण कुणी किती द्यायचं आणि खोली कोणती, हे मिक्स करणारा ठरवतो. मामेभाऊ म्हणू शकतो, 'माझा आवाज असा नको.' बहीण मेसेज करू शकते. आजी करू शकत नाही. मला वाटतं, जमलेल्यांपैकी ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याची खोली धरावी. इतरांनी चालत जावं.

पुढच्या रविवारी मी आजोळी गेले. मामीला वाटलं मला वेड लागलंय. स्वयंपाकघराचं दार लावलं, फ्रिज बंद केला, आजी बसायची तिथे उभी राहिले आणि एकामागून एक सहा फुगे फोडले. शहाबादी फरशी, पत्र्याचं छप्पर, फळीवरचे डबे. घुमारा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, आणि डब्यांचा किंचित खणखणाट. घरी येऊन तो रीपरच्या रिव्हर्बमध्ये घातला. हॉल काढून टाकला आणि आम्हा तिघांचे आवाज त्या स्वयंपाकघरात पाठवले. आजीचा सेंड शून्यावर ठेवला. तिच्या आवाजात ती खोली पहिल्यापासून होतीच.

आता तिघंही लहान वाटू लागलो. पूर्वीइतकं भव्य काही राहिलं नाही. आजी मध्ये, शेंगांचा कटकट आवाज, आणि आम्ही दाराशी उभे राहून तिच्या मागे म्हणतोय असं.

हेही खरं नाही, हे मला माहीत आहे. आजी होती तेव्हा आम्हा तिघांपैकी एकालाही या ओव्या येत नव्हत्या. त्या आम्ही ती गेल्यावर, याच रेकॉर्डिंगवरून पाठ केल्या. त्या दुपारी मी तिच्यासमोर होते, पण ऐकत नव्हते. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच माझ्या फोनवर मेसेज आल्याचा टुंग आवाज येतो, आणि पाठोपाठ मी म्हणते, "आजी, जरा जोरात." पहिल्या मिक्समध्ये मी तो तुकडा सफाईने कापला होता. या वेळी राहू दिला. न दिलेला वेळ कुठल्याही चॅनेलवरून मागे पाठवता येत नाही, आणि पाठवल्यासारखं भासवणं ही मात्र खरी लबाडी झाली असती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी लावण्याआधी मी सांगितलं, की आम्ही तिघांनी वेगवेगळं म्हटलंय, नंतर जोडलंय. कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर मामी म्हणाली, "डबे वाजले बघ." आई काही बोलली नाही. उठून आत गेली आणि चहा टाकला.