शनीची बाजू

आमच्या घरी शनी आला तो शुक्रवारी. १९७८ सालची गोष्ट. मी चोरबाजारात गेलो होतो तो मोरीच्या नळाला एखादी जुनी पितळी तोटी मिळते का बघायला. तोटी मिळाली नाही. तिच्याऐवजी पस्तीस रुपयांची एक लाँगप्ले रेकॉर्ड घेऊन मी मुलुंडला परतलो. बायकोनं आधी रेकॉर्डकडे, मग ठिबकणाऱ्या नळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिन्ही वेळा नजर तीच होती.

रेकॉर्डचं नाव ‘द प्लॅनेट्स’. गुस्टाव्ह होल्स्ट नावाच्या इंग्रज संगीतकारानं पहिल्या महायुद्धाच्या काळात सात ग्रहांवर सात रचना केल्या, त्या सगळ्या मिळून हे काम. वाजवणारा वाद्यवृंद लॉस एंजेलिसचा, साल १९७१, आणि त्या वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभा होता तो आपल्या मुंबईचा झुबिन मेहता. ‘आपल्या मुंबईचा’वर जोर देऊन मी हे बायकोला सांगितलं.

“मग त्यालाच सांगा तोटी आणायला,” ती म्हणाली.

खरं कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगतो. आमच्या ऑफिसात एक पारशी साहेब होते. जेवणाच्या सुटीत ते आणि त्यांचे एक स्नेही बीथोव्हेनबद्दल असं बोलायचे, की जणू तो ग्रँटरोडला त्यांच्याच मजल्यावर राहतो. मी शेजारच्या टेबलावर पोळी-भाजीचा डबा उघडून गप्प बसलेला. एक दिवस काय झालं कोण जाणे, मी मान वर करून म्हणालो, “मला पण हे संगीत फार आवडतं, सर.” साहेबांचा चेहरा उजळला. “असं? कोण आवडतो?” माझ्याजवळ नाव नव्हतं. मी भाजीत खडा आल्यासारखं तोंड करून वेळ मारून नेली. म्हणजे खोटं आधी बोलून झालं होतं; रेकॉर्ड घेतली ती मागाहून पुरावा तयार करण्यासाठी.

इथून माझ्या अडचणीला सुरुवात झाली. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून घेतलेला एक रेकॉर्ड प्लेअर घरी होता. रात्री नऊनंतर जेवणं आटोपली, की मी त्याच्यासमोर बसे. आपलं गाणं ऐकताना कसं वागायचं हे आपल्याला न शिकवता येतं. मान कुठे हलवायची, ‘वा’ कुठे म्हणायचं, सगळं रक्तात असतं. इथे समच सापडेना. कुठे ‘वा’ म्हणावं तर पुढच्या क्षणी सत्तर-ऐंशी माणसं एकदम अंगावर येत. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ तबला शिकलेले, त्यांनी दारातून मंगळ ऐकला, मांडीवर बोटं आपटली आणि म्हणाले, “पाच मात्रा! अहो, हा तर अर्धा झपताल!” तेवढा एक मंगळ माझ्या ओळखीचा झाला. बाकीचे ग्रह आपापल्या कक्षेत फिरत राहिले, मी माझ्या खुर्चीत.

खालच्या मजल्यावर निवृत्त संस्कृतचे मास्तर होते. ते एकदा वर आले आणि शांतपणे म्हणाले, “आपल्याकडे भीमसेन आहेत, कुमार आहेत. त्यांचं सगळं ऐकून झालं का तुमचं?” झालं नव्हतं. हा प्रश्न मला बरेच दिवस टोचत राहिला. आपल्या घरात इतकं भरलेलं असताना दुसऱ्याच्या ताटात बघणं, याला रसिकता म्हणायचं की हावरटपणा?

उत्तर द्यायचं म्हणून मी होल्स्टची माहिती काढायला लागलो आणि वेगळंच प्रकरण हाती आलं. हा माणूस लंडनमधल्या हॅमरस्मिथ भागात मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारा मास्तर. १९०५ साली नोकरीला लागला तो १९३४ साली मरेपर्यंत तिथेच. रचना करायच्या त्या सुटीत आणि शनिवार-रविवारी. उजवा हात इतका दुखायचा, की ‘प्लॅनेट्स’ची स्वरलिपी उतरवून काढायला शाळेतल्या सहकारी बाईंची मदत घ्यावी लागली. आणि या मास्तरला तरुणपणी ऋग्वेदाची ओढ लागली. इंग्रजी भाषांतरं रुक्ष वाटली म्हणून त्यानं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन संस्कृतचे धडे घेतले आणि कोश उलगडत, शब्दाशब्दाला ठेचकाळत सूक्तांची भाषांतरं स्वतःच केली. सीतेवर ऑपेरा लिहिला, तो स्पर्धेत हरला. सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला, तो १९१६ साली लंडनमध्ये रंगला. त्यात पात्रं तीनच, सावित्री, सत्यवान आणि यम. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. वडाचं झाड त्यानं कुठे पाहिलं असेल तर चित्रातच.

मी हे सगळं मास्तरांना ऐकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उच्चार कसे होते म्हणे त्याचे?” मी म्हटलं, “इंग्रजीत गाऊन घ्यायचा तो.” “मग ठीक आहे,” मास्तर सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, “रीतसर नाव घालून शिकला म्हणता? आमच्या वर्गात तर बाकं रिकामी असायची.”

आता मुलुंडात महाकवी कालिदासांच्या नावाचं मोठं नाट्यगृह आहे. त्यावरून जाताना मला दर वेळी आठवतं, की होल्स्टनं ‘मेघदूता’वरही एक मोठी रचना केली होती, गायकवृंद आणि वाद्यवृंद दोन्ही घेऊन. अनेक वर्षं खपून केली. १९१३च्या मार्चमध्ये लंडनमध्ये झाली आणि लोकांना ती रुचली नाही. बिचारा खचला. हवापालटासाठी मित्रांबरोबर मायोर्का बेटावर गेला. त्या मित्रांत क्लिफर्ड बॅक्स नावाचा एक लेखक होता, त्यानं याच्या डोक्यात ज्योतिष भरवून दिलं. तेव्हापासून हा गृहस्थ मित्रांच्या पत्रिका मांडायला लागला आणि त्यातून निघाले हे ग्रह. म्हणजे आमच्या कालिदासाचा ढग तिकडे न बरसता गेला म्हणून आकाश मोकळं झालं आणि ग्रह दिसले. दुर्बिणीतले नव्हेत, पत्रिकेतले. मंगळ युद्ध आणणारा, शुक्र शांती आणणारा, शनी म्हातारपण आणणारा. सातांत पृथ्वी नाही. पत्रिकेत तिला घर कुठे असतं?

एवढी माहिती जमल्यावर मी छाती काढून पारशी साहेबांकडे गेलो. म्हटलं, “सर, मला होल्स्ट आवडतो.” साहेब हसले. वाईट नव्हते हसले, पाहुण्याच्या पोराच्या गाण्याला हसावं तसे हसले. “प्लॅनेट्स? छान आहे. नवे स्पीकर घेतले की लोक ते लावून बघतात.” आणि ते ब्राह्म्सकडे वळले. सहा महिने घाम गाळून ज्याच्यावर प्रेम करायला शिकलो, तो आवडणं फारसं प्रतिष्ठेचं नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि तरी, गंमत बघा, त्या दिवशी मला राग आला. साहेबांचा राग आला, होल्स्टच्या बाजूनं आला. जे खोटंच होतं त्याचा अपमान झाल्यावर राग का यावा? लग्नानंतर माझ्या बायकोनं सहा महिने सासूच्या आमटीला ‘छान झालीय’ म्हटलं ते धडधडीत खोटं होतं, हे तिनंच मला नंतर सांगितलं. सातव्या वर्षी ती माहेराहून चार दिवस आधी परत आली आणि म्हणाली, तिकडच्या आमटीला चव नाही. मधल्या काळात कधीतरी ते खोटं खरं झालं. पण नेमकं कधी, ते तिला सांगता येत नाही. आणि म्हणून सगळंच खोटं असं मुरतं म्हणावं, तर त्याच घरात मी तीस वर्षं कारल्याला ‘छान’ म्हणत आलो आहे.

माझं खोटं खरं झालं असलंच, तर ते आईमुळे.

आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ, यात कधी खंड नाही. मी तिला सहज म्हटलं होतं, की या रेकॉर्डमध्ये शनी आहे. तिनं चटकन हात जोडले. मी आतल्या आत हसलो. रेकॉर्ड तरी पुरावा म्हणून आणलेली, पण मी स्वतःला जाणत्यांत धरत होतो ना. “बाकी कोण कोण आहेत?” तिनं विचारलं. मी नावं सांगितली. “राहू-केतू नाहीत?” नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, “बरं केलं. त्यांना बोलावूच नये.” आणि दर शनिवारी देवळातून आल्यावर ती सांगायची, “शनीची बाजू लाव रे.” शनी रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर होता.

खालून निरोप आले, की दिवेलागणीला घरात शनी लावू नका, साडेसाती मागे लागेल. आई म्हणाली, “लागायची ती न लावताही लागते.”

तो शनी सुरू होतो तो अगदी हळू. बासऱ्या आणि हार्प दोनच स्वरमेळ आलटून पालटून वाजवत राहतात, एक पाय, दुसरा पाय. खालून मोठाले व्हायोलसारखे तंतू काहीतरी जड उचलतात. मला कित्येक महिने यात काही होतंय असंच वाटत नव्हतं. आई एका शनिवारी डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होतो, प्लेअरकडे नाही. ती म्हणाली, “म्हातारा जिना चढतोय.”

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. ती नुकतीच देवळातून येऊन तेच करून बसली होती.

पुढे एका जागी घंटा घणघणतात, सगळा वाद्यवृंद घाबरल्यासारखा होतो. आईनं पदर घट्ट धरला. मग ते सगळं ओसरतं, पायरवही ओसरतो आणि नुसता उजेड उरल्यासारखं काहीतरी राहतं. “पोचला वाटतं वर,” ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली.

या भागाचं नाव ‘म्हातारपण आणणारा’ असं आहे, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मुद्दामच नव्हतं सांगितलं. आणि सातही ग्रहांत होल्स्टचा लाडका शनीच होता, हे मलाही पुष्कळ नंतर वाचायला मिळालं.

त्याच्या मुलीनं, इमोजेननं, वडिलांचं चरित्र लिहिलं आहे. त्यात ‘प्लॅनेट्स’ पहिल्यांदा वाजलं तो दिवस आहे, २९ सप्टेंबर १९१८, लंडनचा क्वीन्स हॉल. युद्ध अजून संपायचं होतं. निवडक लोकांसाठीचा कार्यक्रम होता आणि वादकांना सरावाला जेमतेम दोन तास मिळाले. गुरूचा भाग सुरू झाला तेव्हा बाहेर व्हरांड्यात फरशी घासणाऱ्या बायकांनी ब्रश खाली ठेवले आणि त्या नाचायला लागल्या. हे वाचून मला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी आमच्या बाई लादी पुसायला आल्या तेव्हा मी मुद्दाम गुरू लावून ठेवला. त्यांनी दोन मिनिटं सहन केलं आणि म्हणाल्या, “साहेब, ते जरा बंद करा. डोकं उठतंय.” मी बंद केलं. त्यांनाही न आवडण्याचा हक्क होता, आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे वापरला.

शेवटचं वर्षभर आईला जिना उतरता आला नाही. मारुतीचं तेल मी घालून येत असे. परत आलो, की ती पलंगावर उठून बसलेली असे, शनी लावायची वाट बघत. “मला जाता येत नाही,” एकदा म्हणाली, “तर हाच येतो घरी. किती बरा आहे बघ.” शनीला ‘बरा’ म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. १९८६च्या पावसाळ्यात ती गेली.

त्यानंतर मी बरीच वर्षं ती बाजू लावली नाही. मग एकदा लावली. आता तो माझा आवडता आहे, हे मी कुणापुढेही सांगू शकतो. फक्त त्यातला होल्स्ट किती आणि आई किती, असं कुणी विचारलं तर हिशेब लागत नाही. होल्स्टनं तरी ऋग्वेद म्हणून जे जपलं त्यात ऋग्वेद किती आणि हॅमरस्मिथच्या शाळामास्तराची स्वतःची तहान किती? मास्तर असते तर काही सांगू शकले असते. पण तेही गेले. जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला. आता दोन लिफ्ट आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरची माणसं नऊ मजले वर गेली आहेत.

रेकॉर्ड आहे, प्लेअर बिघडला. नातवानं परवा फोनवर तेच वाजवणं शोधून दिलं, मेहतांचंच. अगदी स्वच्छ. घंटांच्या जरा आधी आमच्या रेकॉर्डवर एक चरा होता, तिथे सुई खट् करून पुढे सरकायची. इथे ते खट् आलंच नाही आणि मी उगाच थांबून राहिलो.

नातू माझ्याकडे बघत होता. “आजोबा, तुम्हाला हे खरंच आवडतं?”

“लाव पुन्हा,” मी म्हटलं. “शनीची बाजू.”

“फोनला बाजू नसते आजोबा,” तो म्हणाला, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं.