सकाळी बघू

रात्री घरात कुणाच्या छातीत कळ आली की आपण घड्याळ पाहत नाही. शेजारच्यांचं दार वाजवतो, मिळेल ती रिक्षा थांबवतो, १०८ला फोन लावतो. पण घरातला तरणा मुलगा दोन दिवस जेवलेला नाही, दार लावून बसला आहे आणि ‘मला आता जगायचंच नाही’ असं म्हणाला आहे, अशा रात्री घर काय करतं? आई रडते, वडील चिडतात, आणि कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, “आता पडू दे त्याला. सकाळी बघू.”

हे दुष्टपणाने कुणी म्हणत नाही. छातीतली कळ हा आजार आहे, हे सगळ्यांना पटलेलं असतं. जगणं नकोसं होणं मात्र आपण स्वभावाच्या खात्यात टाकतो आणि दारूचं व्यसन वागणुकीच्या. आजार म्हटला की माणूस धावतो. वागणूक म्हटली की न्यायनिवाडा करायला बसतो. “तुला काय कमी केलं आम्ही?” हा प्रश्न त्या निवाड्यातलाच. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की इथे आपलं कुणी ऐकणार नाही.

जीव द्यावा ही टोकाची ऊर्मी बहुतेक वेळा फार काळ टिकत नाही. काही मिनिटं, काही तास. लाट आली तशी ओसरते. पण ती ओसरेपर्यंत माणूस एकटा नसावा, आणि जिवाला धोका होईल असं काही त्याच्या हाताशी नसावं. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुलपात असणं, जास्तीच्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात असणं, या साध्या गोष्टींनी जीव वाचतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं.

“पण असं थेट विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरेल,” ही भीती घरोघरी असते. ती खरी नाही. जवळ बसून, आवाज न चढवता, “जीव द्यावासा वाटतोय का?” असं विचारलं की बहुतेकांना ओझं उतरल्यासारखं वाटतं. त्यानंतर उपदेश करू नये. इतरांची उदाहरणं देऊ नयेत. ऐकावं.

ऐकण्याचं मोल १९५३मध्ये लंडनमधल्या चॅड व्हारा या धर्मगुरूच्या लक्षात आलं. जिवावर उदार झालेल्यांसाठी त्यांनी आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला. माणसं फोन करू लागली, भेटायलाही येऊ लागली. त्यांचा नंबर लागेपर्यंत स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. काही दिवसांत व्हारांना दिसलं की स्वयंसेवकांजवळ मन मोकळं केल्यावर पुष्कळांना मग आपल्याला भेटण्याची गरजच उरत नाही. त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. जगभर पसरलेली ‘समॅरिटन्स’ ही चळवळ त्यातून उभी राहिली.

दारूच्या बाबतीत घराची चूक वेगळ्या जातीची असते. तिथे कधी कधी निर्धार घात करतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला एक दिवस खोलीत कोंडतात, “आजपासून थेंब मिळणार नाही.” हेतू चांगलाच असतो. पण दारूला सरावलेलं शरीर ती एकाएकी तुटली की बिथरतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फीट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना अंगावर किडे चालताना दिसतात, समोर नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. घराला वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि देवऋषीची शोधाशोध सुरू होते. खरं तर ही दवाखान्याकडे धावण्याची वेळ असते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते १९८६मध्ये. व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहायचं असतं, हे तेव्हापासून मराठी घरांना सांगितलं जातंय. आपण ते ऐकतो, आणि वेळ आली की विसरतो.

आणखी एक भीती पावलं अडवते, ती पोलिसांची. आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न हा बरीच वर्षं गुन्हा होता. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८मध्ये लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं त्यात म्हटलं आहे. शासनाने त्याची काळजी घ्यावी, असंही म्हटलं आहे. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही. जबाबासाठी पोलीस येतील कदाचित, पण त्या भीतीने रुग्णाला घरी ठेवू नये. मध्यरात्री मानसोपचारतज्ज्ञ शोधत बसण्याचीही गरज नाही. तातडीच्या वेळी कुणीही नोंदणीकृत डॉक्टर प्राथमिक उपचार करू शकतो, अशी तरतूद मानसिक आरोग्यसेवा कायद्यातच आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

जिवाला थेट धोका दिसत असेल तर ११२ किंवा १०८. धीर सुटत चालला असेल, काय करावं ते सुचत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ ही वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. या क्रमांकांवर रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही. आई, भाऊ, शेजारी, रूम पार्टनर, कुणीही करावा. “माझ्याजवळचा माणूस असा असा वागतोय, मी काय करू?” एवढं बोलता आलं तरी पुरे.

कुणाचं चुकलं, कुणामुळे ही वेळ आली, याचा हिशेब नंतर करायला आयुष्य पडलं आहे. आधी जीव, मग निवाडा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचा आणि गॅसवाल्याचा नंबर असतोच. त्याखाली हे चार नंबर आजच लिहून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला ते कशासाठी आहेत ते मोकळेपणाने सांगा.